मंडईतून पळालेला पाहुणा

भंडाऱ्याला जाऊन आलो म्हटलं की दुकानात येणारी माणसं विचारतात, "तिकडं काय आहे पाहण्यासारखं?" मी सांगतो, तळी आहेत, धान आहे, जंगल आहे. हे सगळं खरंच आहे तिथं, पण मी त्यातलं काहीच पाहायला गेलो नव्हतो. मी गेलो होतो एका बाईसमोर बसून आपल्याला दोन वाक्यं बोलता येतात का, ते पाहायला.

आता हे नीट सांगायला हवं. मला देखण्या बायकांची भीती वाटते. लाज नव्हे, संकोच नव्हे, चक्क भीती. मी मूळचा सांगलीकडचा, पुण्यात एका चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढतो. समोरच्या खुर्चीत दिवसभर माणसं बसून जातात, त्यात बायकाही आल्याच, आणि मी सगळ्यांशी भरपूर बडबडतो. पण एखादी खरोखर देखणी बाई दार ढकलून आत आली की माझ्या घशाला कोरड पडते, तळहात ओले होतात, आणि मला मागच्या खोलीत काहीतरी अत्यंत तातडीनं शोधायचं असतं. अशाच एका बाईंना मी डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला लिहून दिला. चक्कर येते म्हणून त्या तक्रार घेऊन आल्या, तेव्हाही मी मागच्या खोलीतच होतो.

का, ते मला माहीत नाही. आमच्या दुकानात काचा घासणारा प्रशांत माझा मित्र, भंडाऱ्याजवळच्या शहापूरचा. त्यानं एकदा गंभीरपणे विचारलं, "लहानपणी कोन्या सुंदर मास्तरीनबाईनं झोडपलं होतं का बे तुले?" मी पुष्कळ आठवून पाहिलं. मला झोडपणारे सगळे मास्तर होते आणि एकही देखणा नव्हता.

स्थळ आणलं ते प्रशांतनंच. मुलगी त्याच्या लांबच्या नात्यातली, नाव स्नेहल, जनावरांची डॉक्टर, नेमणूक तुमसर तालुक्यात नाकाडोंगरीला. फोटो आधी द्यायचा नाही, आधी बोलू, ही तिचीच अट. मग आम्ही फोनवर बोलायला लागलो. ती अडलेल्या म्हशींच्या गोष्टी सांगायची, मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणाऱ्या गिऱ्हाइकांच्या. इतकं मोकळं मी आयुष्यात कुणाशी बोललो नव्हतो. संध्याकाळ झाली की मी फोनची वाट पाहायचो आणि तीही पाहत असावी, असं वाटायचं.

मग एके दिवशी तिनं फोटो पाठवला. मी तो पाहिला, फोन टेबलावर पालथा ठेवला, आणि त्यानंतर तिचा एकही फोन उचलला नाही. बाई देखणी होती, एवढाच तिचा गुन्हा. प्रशांतनं शिव्या घातल्या, मी ऐकून घेतल्या. दिवाळीच्या तोंडावर तिचा निरोप आला: "शहापूरच्या मंडईला मी येणार आहे. बोलायचं असेल तर तिथं या. फोनवर आता नाही." ज्या एका माणसाशी बोलावंसं वाटतं तेच आता हातचं जाणार, हे मला स्वच्छ दिसलं. मी प्रशांतला म्हटलं, माझंही तिकीट काढ.

शहापूर, भाऊबीजेनंतर

आमच्याकडं मंडई म्हणजे भाजीबाजार. इकडं मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा, पण जत्रेला असतो तसा देव तिच्या मध्यभागी नसतो. मध्यभागी असतात पाहुणे. लेकी, जावई, मामे, मावसभाऊ, त्यांचे शेजारी, सगळे त्या दिवशी हक्कानं येतात. आणि आलेच आहेत तर लग्नाची मुलंमुली जाता जाता पाहून घेतली जातात. आमच्यासारखा पोह्यांचा ट्रे आणि सतरंजी असला बडेजाव नाही. जिलबीच्या दुकानाशी दोन म्हातारे उभे राहतात, एक हनुवटीनं दाखवतो, दुसरा डोळे बारीक करून पाहतो. निम्म्या सोयरिकी तिथंच ठरतात म्हणे.

प्रशांतचं घर महामार्गापासून थोडं आत आहे. पोहोचलो तेव्हा घर आधीच पाहुण्यांनी भरलेलं. त्याच्या आईनं, म्हणजे मावशींनी, मला पाहिल्याबरोबर पाटावर बसवलं आणि भाताचा डोंगर वाढला. त्यावर लाखोळीच्या डाळीचं वरण, बाजूला तळ्यातल्या झिंग्यांची चटणी. मी भाकरीवर वाढलेला माणूस. भात संपला की मी भाकरीची वाट पाहायला लागलो, तर आणखी भात आला.

"डॉक्टरनीबाईसाठी आला ना तू?" मावशींनी सगळ्यांदेखत विचारलं.

"नाही, म्हणजे, मंडई पाहायला," मी म्हणालो.

"हो हो. सारेच मंडई पाहाले येतेत," त्या म्हणाल्या, आणि ओळीत बसलेल्या सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्या सगळ्यांशी मी मग छान गप्पा मारल्या. त्यातल्या कुणाची मला भीती वाटली नाही. असं का, असं स्वतःला विचारल्यावर जे उत्तर आलं ते त्या माउल्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

दुपारी प्रशांतचा थोरला भाऊ रमेश मला शेतावर घेऊन गेला. उंच, सडपातळ, अबोल माणूस. दाढी-मिशी सफाचट, बोटांवर विळ्याच्या जुन्यानव्या खुणा. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, उशिराचा भारी धान अजून उभा होता, आणि त्याचा वास भात शिजायच्या वासाशी नातं सांगणारा. आम्ही धुऱ्यावर बसलो, धुरा म्हणजे आपला बांध. अबोल माणसांजवळ मी फार बोलतो. रमेशभाऊंना मी माझी सगळी भीती सांगून टाकली.

त्यांनी विचार करून विचारलं, "चावते का ते बाई?"

"नाही."

"मारते?"

"नाही."

"मंग भेव कशाचं?"

"तेच तर कळत नाही, भाऊ."

"मले बी नाही समजून राहिलं," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही बराच वेळ धानाकडं पाहत बसलो. मला बरं वाटलं. पुण्यात ज्याला सांगावं त्याला लगेच समजतं आणि तो उपाय सांगतो.

मंडईचा दिवस

तळ्याच्या पाळीखाली, म्हणजे काठच्या मातीच्या भरावाखाली, मंडई भरली होती. गोडी शेव, जिलबी, बांगड्या, फुगे, आणि टोपल्या भरभरून उकडलेले शिंगाडे. हे शिंगाडे तिथल्याच तळ्यांत होतात. आम्ही शिंगाडा पाहतो तो उपासाच्या पिठात. इथं तो काळाकुट्ट, शिंगं असलेला, आणि सोलला की आत पांढरा मऊ गर. मी ते खात उभा असतानाच प्रशांतनं कोपरखळी मारली. "तिकडं पाय. निळी साडी."

मी पाहिलं. फोटोत जी होती ती फोटोपेक्षा जास्त होती. शेजारी प्रशांत होता, त्यावरून तिनं मला ओळखलं आणि मान हलवली. मी ताबडतोब शिंगाड्यांकडं वळलो आणि अगदी निरखून एक निवडू लागलो. नीट आठवतं, तो किडका निघाला.

"अबे जा ना!"

"जातो. एवढा खातो आणि जातो."

"तुयानं काही होत नाही," प्रशांत म्हणाला आणि वैतागून मला दंडारीच्या घोळक्यात घेऊन गेला. दंडार म्हणजे इकडचा नाचगाण्याचा खेळ, भर दुपारी, उघड्यावर, माणसांच्या रिंगणात. ढोलकी तापली होती. शाहीर काहीतरी खुमासदार सांगत होता. समोरच्या बाजूला, बायकांच्या गर्दीत, निळी साडी येऊन उभी राहिली होती. आणि तेवढ्यात चाळ वाजवत एक बाई रिंगणात आली.

काय सांगू. हिरवं लुगडं, कपाळावर चंद्रकोर, उंच बांधा, आणि मान वळवायची अशी एक ढब, की घोळक्यातले टगेही गप्प झाले. माझ्या घशाला तिथंच कोरड पडली. आमच्याकडं तमाशात बायका नाचतात, त्यामुळं ही बाई आहे यात मला शंका घ्यायचं काही कारणच नव्हतं. ती नाचत नाचत रिंगणाच्या कडेनं फिरली आणि माझ्यासमोर थांबली. तिथली रीतच आहे. दुरून आलेला नवा पाहुणा दिसला की नाचणारी त्याला त्याचं गाव विचारते, तो सांगतो, शाहीर त्या गावावर एक चरण जुळवतो, आणि पाहुण्याचा मान होतो. हे मला नंतर समजलं.

"पाहुणे," ती बारीक आवाजात लाडानं म्हणाली, "गाव कोनतं जी तुमचं?"

ढोलकी थांबली. सगळं शहापूर माझ्या तोंडाकडं पाहू लागलं. मला माझं गाव आठवेना. ती आणखी एक पाऊल पुढं आली, हसली, आणि मी पळालो.

खरोखर पळालो. घोळक्यातून वाट काढत, एका म्हातारबांच्या पायावर पाय देत, शिंगाड्यांची एक टोपली उलटी करत. मागून हशा उसळला आणि कुणीतरी ओरडलं, "धरा! पाहुना पळाला!" टोपलीवाली बाई माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. ती देखणी नव्हती, म्हणून मी थांबून तिची माफी मागितली, शिंगाडे गोळा करू लागलो, आणि हशा वाढल्यावर पुन्हा पळालो.

तळ्याच्या पाळीवर, एका मोहाच्या झाडामागं मी धापा टाकत बसलो. निळ्या साडीनं हे सगळं पाहिलं होतं. आता बोलायचं काही उरलंच नव्हतं, फक्त परतीची गाडी पाहायची होती. इतक्यात चाळ वाजले. हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचून ती बाई पाळ चढून येत होती. मी उठून उभा राहिलो. पुढं तळं होतं.

"अरे बावा, कायले पळतं!" ती रमेशभाऊंच्या आवाजात ओरडली. "मी रमेश हावो ना!"

ते रमेशभाऊच होते. दंडारीत बाईचं सोंग पुरुषच घेतात, आणि आमचे रमेशभाऊ हे त्या भागातलं नावाजलेलं सोंग. प्रशांतनं सांगितलं नाही, कारण हे कुणाला सांगावं लागतं असं त्याच्या डोक्यातच आलं नाही. भाऊ खाली बसले, कमरेतून सुपारी-तंबाखूचा खर्रा काढला, चोळला आणि गालात धरला. मी हातांकडं पाहिलं. विळ्याच्या खुणा त्याच होत्या. काल याच माणसाला मी मनातलं सगळं सांगितलं होतं. आता जीव भांड्यात पडायला हवा होता. पण चेहऱ्याकडं नजर गेली की छाती पुन्हा धडधडायला लागे. मला पक्कं ठाऊक होतं की हा रमेश आहे, आणि मला रमेशची भीती वाटत होती. इतका गोंधळ माझा कधी झाला नव्हता. मग आजवर मी भ्यायलो ते कुणाला? बायकांना नव्हे, हे तर उघड झालं. रंगाला? काजळाला? की मला कुणीतरी पाहतंय याला?

"तोंड रंगवलं का असंच होते," भाऊ पिंक टाकून म्हणाले. "सकारपासून बसलो आहो तं कोनी पानी नाही विचारलं. सारे दुरून पाहतेत. माहा साळा बी जवळ येत नाही. बरं थे जाऊ दे. पाठीमागचा हूक सुटला, माहा हात नाही पुरत. लावून दे."

मी लावायला लागलो. हूक लागत नव्हता, भाऊ "जल्दी कर ना बे" म्हणत होते. अशा अवस्थेत स्नेहल पाळ चढून आली.

ती थांबली. आमच्याकडं पाहत राहिली. भाऊंनी तिला पाहिलं, हूक तसाच सोडून पदर खांद्यावरून ओढला आणि "मी निघतो, ढोलकी थांबली आहे" म्हणून उतरून गेले.

ती माझ्यापासून थोडी दूर बसली. फोनवर ती पुस्तकी मराठी बोलायची. आता रागानं तिची खरी बोली बाहेर आली. "मी समजली का तुम्ही फक्त मले पाहूनच पळता."

मी तळ्याकडं पाहत होतो. "नाही," एवढंच म्हणालो.

"फोटो पाह्यला आन फोन बंद. मी काय समजाचं? रोज सकाळी आरशासमोर उभी राहून पाहून राहिली, नाक खराब आहे का दात खराब आहेत म्हनून. आईनं विचारलं तं तिले सांगितलं, मुलाले पसंत नसन. काहून नाही उचलला फोन, एवढं सांगा. मंग मी जाते."

मला फार लाज वाटली. माझी भीती ही माझी खाजगी बाब आहे, पित्तासारखी, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ती नाकाडोंगरीला जाऊन कुणाच्या आरशासमोर उभी राहील, कुणाला स्वतःचं नाक वाईट वाटायला लावेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"तुम्ही फार सुंदर आहात, म्हणून," मी तळ्याला म्हणालो.

"म्हनून नाही उचलला?"

"हो."

"हे काय कारन झालं?"

"नाही. कारण नाहीच ते. भीती वाटते. आत्ता पण वाटतेय."

मग तिचा आवाज बदलला, दवाखान्यातला झाला. "कधीपासून आहे हे?"

"दहावीपासून असेल."

"जेवन बराबर आहे?"

"कालपासून नुसता भात खातोय."

तिला हसू आलं असावं. मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. ती उठली. "मी घरी अजून हो की नाही ते कळवलं नाही. उद्या कळवन. उद्या मले दवाखान्यात काम आहे, यायचं असन तं तिथं या." आणि ती गेली.

संध्याकाळी घरी माझी काय गत झाली ते विचारू नका. "आमच्या रमेश्याले पाहून पळाला?" मावशी म्हणाल्या. "त्याची बायको बी नाही पळत." त्याची बायको तिथंच वाढत होती, तिनं मला जादा भात वाढला.

नाकाडोंगरी

दुसऱ्या दिवशी प्रशांतनं मोटारसायकलवर मला तुमसरच्या पुढं नाकाडोंगरीला नेऊन सोडलं. शेतं मागं पडतात, झाडी दाट होत जाते, आणि मँगनीजच्या खाणीचे ट्रक जातात त्या रस्त्यावर काळपट धूळ बसलेली असते. साग आणि तेंदूची पानंसुद्धा कडेला काळवंडलेली. वाटेत मी मनातल्या मनात वाक्यं तयार करत होतो, आणि प्रत्येक खड्ड्यात एक सांडत होतो.

तिचा दवाखाना गावाच्या कडेला. पायात रबरी बूट, डोक्याला फडकं, हात कोपरापर्यंत शेणानं माखलेले. कामाच्या कपड्यांत ती जरा कमी देखणी दिसेल, अशी माझी आशा होती. तसं काही झालं नाही.

"आले? हे धरा," ती म्हणाली आणि बैलाचा दोर माझ्या हातात दिला.

लोखंडी चौकटीत एक पांढरा बैल उभा होता. खुरात पू झाला होता. ती पाय बांधून खूर कापायला बसली. बैलाचा मालक, एक वयस्कर शेतकरी, बाजूला उभा. मला बैलाच्या तोंडाशी उभं राहायचं होतं, म्हणजे तिच्याकडं पाहायची सक्ती नव्हती. हे फार सोयीचं पडलं. ती खाली वाकून कापता कापता बोलू लागली, अगदी फोनवर बोलायची तसं, आणि मीही बैलाकडं पाहत उत्तरं देऊ लागलो. डावा-उजवा नंबर चुकलेल्या बाईंची गोष्ट सांगितली तेव्हा ती इतकी हसली की चाकू थांबला.

"मॅडम, बैल," शेतकऱ्यानं आठवण दिली. मग माझ्याकडं पाहून त्यानं तिला विचारलं, "हे नवे कंपाउंडर होत का?"

मला वाटलं, ती काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. "त्याइलेच विचारा," ती म्हणाली.

तो माझ्याजवळ आला. "कोन जी तुम्ही?"

"मी पुण्याहून आलोय," मी बैलाला म्हणालो.

"थे झालं. पर कोन?"

आता पुढं तळं नव्हतं, मागच्या खोलीत शोधायला काही नव्हतं, आणि हातात बैलाचा दोर होता. "मी मॅडमना लग्नाचं विचारायला आलोय," मी म्हणालो. "मला त्या पसंत आहेत. त्यांना मी आहे की नाही, ते ठाऊक नाही."

"मंग बैलाले कायले सांगून राहिले?" तो म्हणाला. "बैल काय हो म्हनन? तिकडं पाहा, मॅडमकडं."

मी वळलो. वरच्या ओठावर घाम, भुवईत गवताची काडी, आणि देखणी, त्याला काही इलाजच नव्हता. भीती होती तशीच होती, तसूभर कमी नाही. दुकानात प्रशांत अजून विचारतो, गेली का भीती, आणि मला नाही म्हणावं लागतं. पण आरशासमोर उभी राहिलेली ती मला आठवत होती, आणि त्या आठवणीपुढं भीतीचं काही चाललं नाही.

"स्नेहल," मी तिच्या डोळ्यांत पाहून म्हणालो, "तुमचं नाक चांगलं आहे. दात चांगले आहेत. मला तुम्ही पसंत आहात. मी पळालो ते माझं चुकलं."

मी नजर हटवली नाही. हटवली ती तिनं. म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारी ती बाई खाली वाकली आणि ज्या खुरात कापायला काही उरलं नव्हतं, तोच खूर पुन्हा तपासू लागली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"असं नका पाहू ना," ती खुराला म्हणाली. "मले भेव वाटून राहिलं."

"कशाचं?" मी विचारलं.

"मले काय माहीत," ती म्हणाली. "आईले हो कळवते. आता दोर धरा."

मी दोर धरला.